नागास्त्राची पारख

घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायची तर नुसतं शिंगं-कातडं बघून भागत नाही. दात बघतात, कास चाचपतात, चार पावलं चालवून बघतात आणि मग हळूच विचारतात, "मारकी तर नाही ना?" नागास्त्र-1 ची पारखही याच रीतीने करावी म्हणतो. हे आत्मघाती ड्रोन आपल्या महाराष्ट्रातलंच, नागपूरच्या सोलर समूहाच्या कारखान्यातलं.

अंगाने किरकोळ. वजन 9 किलो, पोटात 1 किलो स्फोटक. जवान पाठीवर घेऊन डोंगर चढतात. बॅटरीवर चालतं, त्यामुळे 200 मीटर वर गेलं की खालच्याला चाहूल लागणं मुश्कील. स्वभावाने मात्र चिवट. अर्धा तास घिरट्या घालत कॅमेऱ्याने जमीन धुंडाळतं आणि सावज दिसलं की स्फोटकासकट त्यावर कोसळतं. नेम दोन मीटरच्या आत. लष्कराने अशी 480 मागवली. त्यातली 120 जून 2024 मध्ये मिळाली.

मला आवडला तो त्याचा वेगळाच गुण. लक्ष्य सापडलं नाही, किंवा ऐन वेळी चालवणाऱ्याने 'नको' म्हटलं, तर ते माघारी फिरतं आणि पॅराशूट उघडून अलगद उतरतं. आमच्या नगरच्या के. के. रेंज या लष्करी सराव मैदानावर सुटलेला तोफगोळा कुणी परत बोलावल्याचं ऐकिवात नाही.

आता खोड. माणूस चालवत असेल तर त्याचा पल्ला 15 किलोमीटर, आपोआप उडालं तर 30. माणूस बाजूला झाला की पल्ला दुप्पट! हा मोह साधा नाही. युक्रेनच्या युद्धात रेडिओ संदेश जॅम होऊ लागले, तसे शेवटच्या टप्प्यात स्वतःच लक्ष्य धरणारे ड्रोन दोन्ही बाजूंनी आणले. संदेशच पोचत नसेल तर 'नको' म्हणणार कोण आणि ऐकणार कोण?

डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्वयंचलित शस्त्रांविषयी ठराव आला. 152 देश बाजूने, विरोधात अवघे 4, आणि त्यांत आपण. ही चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रनियंत्रणाच्या बैठकांतच व्हावी, असं आपलं म्हणणं. ठीक आहे, पण तिथलं गुऱ्हाळ 2014 पासून चालू आहे. नागास्त्र हवंच, शेजार तसा आहे. फक्त माघारी बोलावण्याचा अधिकार माणसाकडेच राहील, हे भारताने कुणाची वाट न बघता स्वतःच्या नियमांत लिहून टाकावं.