मोकळ्या रांगा

रांग म्हटली की तिला माणसं हवीत, निदान एक कुरकुरणारे आजोबा तरी हवेत, अशी वीस वर्षं काउंटरमागे बसून माझी समजूत झालेली. पण अहो, आमच्या बँकेच्या यंत्रांतही रांगा असतात! एका यंत्राने धाडलेला निरोप, दुसरं यंत्र तो उचलेपर्यंत रांगेत उभा राहतो. आयबीएम कंपनीने ही टपालव्यवस्था १९९३ साली आणली. वेगळं काही सांगितलं नाही, तर एका रांगेत ५००० निरोप मावतात. ज्या निरोपाला आपली रांगच सापडत नाही, तो ‘डेड लेटर’ रांगेत जातो. मयत पत्रांचं खातंच म्हणा!

यंदा जूनमध्ये निकामी रांगा पुसायचं ठरलं. संगणक विभागातल्या पोरांनी मला बोलावलं. मी पडलो बी.कॉम.; पण कुठली रांग कुठल्या खात्याची, हे सांगायला जुनं खोड हवं होतं. यादीत बंद पडलेल्या योजना होत्या. ‘टेस्ट’ होती, ‘नवी टेस्ट’ होती, ‘शेवटची टेस्ट’ही होती.

एका रांगेपुढे शेवटच्या निरोपाची तारीख कोरी.

“काका, ही मेली. उडवू?”

“ही तारीख कधीपासूनची धरतात रे?”

“यंत्र सुरू झाल्यापासूनची. मागच्याच महिन्यात बंद करून सुरू केलंय.”

म्हणजे महिन्याभराच्या आठवणीवर मृत्यूचा दाखला! मी नाव नीट वाचलं. ती पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांची रांग होती. अकरा महिने झोपते, नोव्हेंबरात उठते. ती पुसली असती, तर शेकडो म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले मयत पत्रांत पडले असते, आणि डिसेंबरात पेन्शन बंद!

मग रीत ठरली. आधी रांगेच्या नोंदीची नक्कल ठेवायची. मग नवे निरोप घेणं थांबवायचं आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. ओरडा झाला की रांग लगेच उघडायची. मार्चअखेर आणि नोव्हेंबर धरून वर्षभर कोणी ओरडलं नाही, तरच पुसायची. आत निरोप शिल्लक असेल, तर पुसण्याचा साधा हुकूम यंत्रच नाकारतं. तेवढी माणुसकी त्याला आहे.

हीच रीत माणसांच्या खिडक्यांनाही लावावी, असं मी साहेबांना सुचवलं. हयातीच्या दाखल्याची खिडकी ओस असते, म्हणून मे महिन्यातच काढून टाकली होती.

“तेव्हा तर कोणी ओरडलं नाही,” साहेब म्हणाले.

ओरडणार कसे? नोव्हेंबर अजून यायचाय.