पत्ता लिहिलास, नाव नाही?

मुंबईतला एक भाग एका घोड्याच्या नावाने ओळखला जातो आणि तो मूळचा घोडा आता तिथे नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा 1965 साली तिथून उचलला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. 2017 साली त्या भागात पुन्हा एक काळा घोडा उभा राहिला, पण त्याची पाठ मोकळी आहे. गंमत अशी, की पाठीवर साक्षात राजा बसलेला होता तेव्हाही लोक त्या जागेला ‘काळा घोडा’च म्हणत. घोड्याचे नाव राहिले, राजाचे गेले. कुणाचे नाव टिकेल, ह्याचा काही नेम नाही, हेच खरे!

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. आठवडाभर तो एका बँकेत आकडेमोड करतो आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून मुंबईभर हिंडतो. एके दिवशी त्याचा फोन आला, “मामा, जहांगीरला आमचं प्रदर्शन आहे. तिघे मित्र मिळून करतोय. मंगळवारी लागतंय, पुढच्या सोमवारी उतरणार. मामीला घेऊन या.”

“हल्ली फोटो मोबाइलवर दिसतात की!” आमच्या सौ. म्हणाल्या. “त्यासाठी चर्चगेटपर्यंत कशाला जायचं?” पण भाच्याचा शब्द मोडवेना. शेवटी रविवारी दुपारी आम्ही दोघे दादरहून लोकलने निघालो.

चर्चगेटला उतरून काळ्या घोड्याकडे जायचे तर ओव्हल मैदानातून चालत जावे, असे माझे जुने मत आहे. डावी-उजवीकडे एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे सामने चाललेले असतात. कुठला चेंडू कुठल्या सामन्याचा, हे खेळणाऱ्यांनाच ठाऊक! समोर राजाबाई टॉवर उभा असतो. विद्यापीठाला वळसा घालून महात्मा गांधी रस्त्यावर आले, की जहांगीर आर्ट गॅलरी दिसते. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात. एकाने सौ.ना हाक मारली, “या काकू, बसा, दहा मिनिटांत चेहरा काढून देतो.” सौ. पदर सावरून झपाझप पुढे गेल्या. पण ती हाक त्यांना आवडली असावी, असा माझा अंदाज आहे.

सर कावसजी जहांगीर ह्यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ही इमारत उभी राहिली आणि 1952 साली लोकांसाठी खुली झाली. आत जायला पैसे पडत नाहीत. तरी आमच्यासारखी कितीतरी माणसे आयुष्यभर तिच्यावरून जातात आणि आत पाऊल टाकत नाहीत. दार उघडे असले तरी उंबरठा मनात असतो.

ह्याच इमारतीत 1956 साली ‘फॅमिली ऑफ मॅन’ हे जगभर गाजलेले छायाचित्र-प्रदर्शन आले होते. एडवर्ड स्टायकेन ह्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी ते मांडले होते. 68 देशांतून 503 छायाचित्रे, 273 छायाचित्रकार! त्यात जन्म होता, लग्न होते, मजुरी होती, मरण होते. प्रत्येक चित्रापाशी छायाचित्रकाराचे नाव होते, देशाचे नाव होते. चित्रातली माणसे मात्र बिननावाची होती. सारी माणसे एकाच कुटुंबातली आहेत, हे सांगायला नावांची गरज काय, असा त्यामागे विचार असावा.

जिना चढून आम्ही वरच्या टेरेस गॅलरीत गेलो. भाचा इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. तिघांनी भाडे, छपाई आणि चौकटी ह्यांचा खर्च वाटून घेतला होता. भाच्याने त्यापायी स्कूटरचा बेत पुढे ढकलला, हे मला नंतर कळले. एका मुलीने रात्री उशिराच्या लोकलमधल्या बायकांच्या डब्याचे फोटो काढले होते. पायाशी पिशवी, मिटलेले डोळे, आणि बोटे मात्र भाजी निवडण्यात गुंतलेली! दुसऱ्या मुलाने वीटभट्टीवरच्या मजुरांचे चेहरे टिपले होते. आणि आमच्या भाच्याचा विषय होता वरळीच्या बीडीडी चाळी.

ह्या चाळी आमच्या पिढीला नव्याने सांगायला नकोत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतरच्या काही वर्षांत त्या बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग मिळून 207 इमारती. एकेक खोली 160 चौरस फुटांची. मजल्याच्या मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आता त्या पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 2025 च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. भाचा त्याआधी दोन वर्षे तिथे जात होता. जो तो आपापल्या दारात उभा आहे, खोलीतल्या खिडकीचा उजेड पाठीमागून आणि बाजूने येतो आहे, आणि माणूस सरळ तुमच्याकडे पाहतो आहे, असे ते चोवीस फोटो होते. सौ. एकेका फोटोपुढे थांबत होत्या. मोबाइलचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

इतक्यात जिन्यावर गलका झाला. चाळीतली सात-आठ माणसे नातवंडांसह आली होती. त्यांत एक आजी होत्या. नातवाने हात धरून त्यांना त्यांच्याच फोटोपुढे उभे केले.

आजी बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटले, आपला चेहरा न्याहाळताहेत. पण त्यांनी बोट लावले ते चेहऱ्याच्या बाजूला. “दार आलंय बघ,” त्या म्हणाल्या. “खिळ्यासकट आलंय. ह्यांची टोपी असायची त्या खिळ्यावर.” नवे घर छान आहे, वारा येतो, संडास घरात आहे, असे त्यांनी सौ.ना आवर्जून सांगितले. “पण ते दार तिथं नाही ना!”

मग त्यांनी नातवाला विचारले, “खाली काय लिहिलंय?”

नातवाने वाचले, “वृद्धा, वरळी.”

आजींनी भाच्याकडे वळून पाहिले. रागावलेल्या नव्हत्या. “अरे पोरा,” त्या म्हणाल्या, “पत्ता लिहिलास, नाव नाही लिहिलंस? आमच्या घरी तीनदा चहा प्यालास की तू!”

भाच्याचे कान लाल झाले. “आजी, मला वाटलं, नाव नसलं की तुम्ही सगळ्यांच्याच आजी होता.”

“सगळ्यांची कशी? माझी चार नातवंडं आहेत, मोजून.”

सगळे हसले, भाचाही हसला. पण त्याने खिशातून पेन काढले आणि तिथल्या तिथे पट्टीवर आजींचे नाव लिहिले, त्यांनी सांगितले तसे, नवऱ्याच्या आणि माहेरच्या नावासकट. ते नाव मी इथे देत नाही. छापायचे तर त्यांना विचारायला हवे होते आणि ते मी विसरलो. भाच्याला हसण्याचा मला अधिकार नाही.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक नामांकित छायाचित्रकार. त्याच काळात विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी मुंबईतल्या माणसांचे फोटो काढून 1863 आणि 1866 साली दोन मोठे ग्रंथ काढले. माणसांचे फोटो वेगळे घ्यायचे आणि ते मुंबईतल्या देखाव्यांवर जोडायचे, अशी त्यांची तऱ्हा. खाली जात लिहिलेली. तिथे दार तर नाहीच, नावही नाही! फोटो काढणाऱ्याचेही नाव कधी कधी जाते. होमाई व्यारावाला ह्या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते 2011 साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास.

सोमवारी रात्री भाच्याचा फोन आला. सकाळीच वरळीला जाऊन त्याने राहिलेली नावे विचारून आणली होती आणि दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या नव्याने लिहून लावल्या होत्या. प्रदर्शन संपायला काही तास उरलेले असताना! एका गृहस्थांचे नाव मात्र मिळाले नाही. ते गावी गेले आणि तिथेच वारले, एवढेच शेजाऱ्यांना ठाऊक. चाळीत सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. “मग काय लिहिलंस?” मी विचारले. “काहीच नाही, मामा. पट्टी कोरी ठेवली.” उतरवलेले फोटो तो ज्याचे त्याला घरी नेऊन देणार होता. आजींचा फोटो सर्वांत आधी.

दिवाळीच्या साफसफाईत परवा आमची जुनी ट्रंक उघडली. तळाशी आजोळच्या वाड्यातला एक फोटो निघाला. स्टूलावर आजोबा, मागे रंगवलेला पडदा, भोवती अकरा माणसे. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आहे, पत्ता आहे. नाव एकही नाही! सौ.नी चष्मा लावला, मी मऊ शिसाची पेन्सिल घेतली, आणि आम्ही माझ्या आत्याला फोन लावला. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. मुलाने तिच्यापुढे मोबाइल धरला, आणि फोटो पाहून तिने एकेक करत दहा नावे सांगितली.

डावीकडे परकर-पोलक्यातली एक मुलगी राहिली. “ती मी नव्हे,” आत्या म्हणाली. “थांब... तोंडावर आहे रे नाव. सकाळी फोन कर, सकाळी मला बरं आठवतं.”

फोन करण्यापेक्षा फराळाचा डबा घेऊन मी स्वतःच जाणार आहे. फोटो पिशवीत घातला आहे आणि पेन्सिल खिशात.