खेळातला आवाज

‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लेखनात हे शब्द एकच. उच्चारात पहिल्यातील ज तालव्य, दुसऱ्यातील दंततालव्य. असे भेद टिपण्यासाठी भाषाभ्यासकाला स्वच्छ ध्वनिमुद्रण लागते.

सटाण्याचा माझा भाचा नाशिकला शिकतो. वर्गात तो अहिराणी कटाक्षाने टाळतो; मित्रांसह संगणकावर खेळताना मात्र तीच त्याच्या तोंडी येते. अशा एका खेळाचे चित्रण त्याने मला दाखवले. गोळीबारातून ‘तठे’ एवढेच कळले.

“मामा, खेळाचा आवाज कमी करायला हवा होता.”

प्रश्न तेवढाच नव्हता. घर्षक व्यंजने क्षीण व उच्च कंप्रतेची असतात. स्फोटाचा गोंगाट त्यांना सहज झाकतो. शिवाय एकाच मार्गिकेत मिसळलेले आवाज पुन्हा निखळ सुटे होत नाहीत. ओबीएस स्टुडिओ ही विनामूल्य प्रणाली सहा मार्गिका देते: खेळ, स्वतःचा माइक, मित्रांचे बोलणे यांना वेगवेगळे ठेवता येते. कन्सोलचे दुखणे निराळे. तेथे मित्रांचे बोलणे पुष्कळदा हेडफोनकडेच जाते, कॅप्चर कार्डापर्यंत पोहोचत नाही.

ग्रिअर्सन यांनी १९०७ च्या खंडात खानदेशीची नोंद केली. त्यांचा ठरावीक नमुना उधळ्या पुत्राच्या कथेचा, म्हणजे सांगून करवून घेतलेले भाषांतर. भांडणारी, घाईतली, कोणी ऐकत नाही असे समजून बोललेली भाषा त्यात कोठून येणार?

भाचा आता माइकची मार्गिका वेगळी ठेवतो. परवा त्याने केवळ तीच पाठवली: चाळीस मिनिटे, एकही गोळी नाही, आणि मित्राला घातलेली प्रत्येक शिवी स्पष्ट.