प्रत्येक घार ही घार नसते

आभाळात संथपणे घिरट्या घालणारे जे जे काही दिसेल, ते ‘घार’ या एका शब्दात बसविण्याची आम्हा चिकोडीकरांना फार जुनी सवय आहे. आमचा मुलूख दोन भाषांचा. पण बाजारातल्या कन्नडातही ‘हद्दू’ म्हटले की घार आली आणि गरुडही आला. गिधाडाला तेवढे ‘रणहद्दू’ म्हणून वेगळे काढायचे. मातीचे आणि पावसाचे बारकावे जाणणाऱ्या आम्हां शेतकरी माणसांची आभाळाशी ओळख ही एवढीच.

ती थोडी वाढली दाजीपूरच्या निसर्गशिबिरात. निपाणीहून मुधाळ तिट्टा आणि राधानगरी मागे टाकीत देवगडकडे निघालेला रस्ता आपल्याला घाटमाथ्यावरच्या या रानापाशी आणून सोडतो. अभयारण्य गव्यांचे, आम्हीही गव्याच्याच ओढीने गेलो होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर मात्र मार्गदर्शकांनी तंबूंसमोर पांढरे कापड ताणले आणि त्यावर पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दाखविल्या. उन्हाविरुद्ध उडणाऱ्या पक्ष्याचा रंग दिसत नाही, आकार दिसतो. म्हणून शिकणे आकारापासून. घारीची शेपटी टोकाशी दुभंगलेली. ससाण्याचे पंख टोकदार, उघड्या आभाळातल्या वेगासाठी. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर आणि शेपटी लांब, झाडांमधून झटकन वळता यावे म्हणून. दुसऱ्या दिवशी दरीवर सर्पगरुडाची शीळ ऐकू आली, तेव्हा वर पाहणारे आमचे डोळे आदल्या दिवसाचे राहिले नव्हते.

त्या रात्री घुबडाने ओकलेली एक सुकी गोळी पाण्यात भिजवून उकलली. आत उंदरांच्या कवट्या, हाडे आणि केस. उसाच्या फडात उंदीर काय नासाडी करतो, हे आम्हांला कोणी सांगायला नको. तरी घुबडाला आम्ही अशुभ म्हणून हाकलतो आणि उंदरासाठी दुकानातून विष आणतो. विषाने मंदावलेला उंदीर पक्ष्याला आयताच सापडतो, आणि ते विष पुन्हा त्याच्या पोटात जाते.

शेवटची आकृती गिधाडाची होती. रामायणातल्या जटायूपुढे हात जोडणाऱ्या आपल्या भाषेने ‘गिधाड’ ही शिवी करून ठेवली आहे. या पक्ष्याने मेलेली जनावरे संपवून गावे स्वच्छ ठेवली. पण गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून त्याच्या पोटात गेले आणि त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. हे कारण 2004 साली जगापुढे आले. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. पण 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातून एखादेच उरावे इतकी घटली होती. तशाच घातक ठरलेल्या किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक या औषधांवरील बंदी यायला 2023 उजाडले. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. गुराची कळ थांबावी, एवढीच शेतकऱ्याची इच्छा होती. म्हणूनच ही हकीकत अधिक अस्वस्थ करते.

शिबिराहून परतल्यावर आमच्या माळावर एका जागी पंख फडफडवीत अधांतरी थांबणारी पांढुरकी ‘घार’ दिसली. ती कापशी होती, खाली उंदीर हेरणारी. हिवाळ्यात दूर मध्य आशियातून येऊन जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्याही आता ओळखू येतो. हा पक्षी रात्री झाडावर नव्हे, माळाच्या गवतात भुईवर निजतो. पाणी पोचेल तिथवर ऊस, हा आमच्याकडचा शिरस्ता. त्यात गवताचा माळ ‘पडीक’ ठरतो आणि नांगराखाली जातो. त्या पडीक जमिनीवर कोणाचे अंथरूण आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. गिधाडाच्या बाबतीत जाग आली ती फार उशिरा. भोवत्यासाठी मात्र गावाबाहेरचे गायरान अजून थोडे शिल्लक आहे, आणि ते तसेच राहावे असे ग्रामसभेत उठून सांगण्याइतके आता आम्हांला कळते.