मॅनस्लॉटर, टोटश्लाग आणि पारावरचा एक शब्द

जर्मन शिकू लागलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती. वर्गात एकदा भाषांतरासाठी एका अमेरिकन वृत्तपत्रातील छोटी बातमी मिळाली. भरधाव गाडीखाली एक मुलगा मरण पावला आणि चालकावर ‘मॅनस्लॉटर’चा आरोप ठेवण्यात आला, एवढाच तिचा मजकूर. शब्दकोशात समोर ‘टोटश्लाग’ असे दिलेले होते. मी तो शब्द निर्धास्तपणे वापरला. वही परत आली तेव्हा त्याखाली लाल रेघ होती आणि बाईंनी समासात लिहिले होते, ‘म्हणजे मुलाला ठार मारण्याचा त्याचा हेतू होता?’

हे दोन्ही शब्द मुळात भाऊबंद. ‘स्लॉटर’ आणि ‘श्लाग’ यांच्यामागे प्रहार करणे या अर्थाचा एकच प्राचीन जर्मॅनिक धातू आहे. कायद्याने मात्र त्यांची घरे वेगळी केली. इंग्रजी ‘मॅनस्लॉटर’च्या पोटात दोन प्रकार नांदतात : प्रक्षोभाच्या भरात हेतुपूर्वक केलेली हत्या आणि हेतू नसताना बेपर्वाईने ओढवलेला मृत्यू. जर्मन दंडसंहितेच्या कलम २१२ मधील ‘टोटश्लाग’ म्हणजे केवळ हेतुपूर्वक हत्या. शिक्षा सामान्यतः किमान ५ वर्षे. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला ‘फारलेसिगे ट्योटुंग’ असे वेगळे नाव आणि वेगळे कलम, २२२. शिक्षा कमाल ५ वर्षे अथवा दंड. एकाची शिक्षा जिथे सुरू होते तिथे दुसऱ्याची संपते. माझ्या एका शब्दाने तो चालक ही रेषा ओलांडून गेला होता.

ती लाल रेघ मला खुपली, आणि त्याचे कारण भाषेपुरते नव्हते. मी शाळेत असताना थोरल्या भावाच्या जीपखाली गावातला एक मुलगा सापडला. तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली खटला चालला. कागदोपत्री शब्द होते ‘निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे’. पारावर मात्र एकच शब्द होता : खून. ‘ह्यानं पोराचा खून केला.’ तो कानी पडला की आई मुकाट्याने आत निघून जाई. गावाला खोटे बोलायचे नव्हते. त्या मुलाच्या आईच्या आकांताला पुरेल एवढा मोठा दुसरा शब्द गावापाशी नव्हता, इतकेच.

‘मर्डर’साठी ‘मोर्ड’ हेही वाटते तितके सरळ नाही. केवळ हेतुपूर्वक मारले म्हणून जर्मन कायद्यात मोर्ड होत नाही. लोभ, क्रौर्य, बेसावध माणसाचा कपटाने घेतलेला जीव अशी काही ठरावीक लक्षणे त्यासाठी असावी लागतात. शिवाय कलम २११ ची आजची मांडणी १९४१ सालची, नाझी राजवटीतली आहे. ‘खून म्हणजे काय’ हे ती सांगत नाही, ‘खुनी कोण’ हे सांगते. कृत्य मोजण्याऐवजी माणसाची जात ठरवणाऱ्या या वाक्यरचनेवर जर्मनीत टीका होत आली आहे. ते कलम प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या गावचा पार आठवला.

दस्तयेव्हस्कीच्या ज्या कादंबरीचे इंग्रजी शीर्षक ‘क्राइम अँड पनिशमेंट’ असे आहे, ती जर्मन वाचकांना दीर्घकाळ ‘शुल्ड उंड झ्यूने’ या नावाने परिचित होती. म्हणजे अपराधभाव आणि प्रायश्चित्त. स्वेतलाना गायर यांनी १९९४ च्या आपल्या भाषांतराला ‘फेरब्रेखेन उंड श्ट्राफे’, अर्थात गुन्हा आणि शिक्षा, असे शीर्षक दिले. ते मूळ रशियनला अधिक धरून आहे, हे मान्य करूनही माझे मन जुन्या शीर्षकापाशी रेंगाळते. कारण ‘शुल्ड’ या शब्दात अपराध आणि कर्ज असे दोन्ही अर्थ आहेत. न्यायालयाने केलेला दंड दादाने भरला. पुढे त्याने कधीही स्टिअरिंग हाती धरले नाही. गुन्हा मिटला, ‘शुल्ड’ फिटले नाही.

वहीतला शब्द मी खोडून दुरुस्त केला. बाईंनी बरोबरची खूण केली. दादाच्या बाबतीत अशी दुरुस्ती करायला मात्र गावाकडे समास नव्हता. वर्गात आता भाषांतर शिकवताना ‘खून’, ‘हत्या’, ‘वध’ हे शब्द कुणी सहज अदलाबदल करून वापरले की मी थांबतो आणि बाईंचाच प्रश्न विचारतो : त्याचा हेतू होता का?