रजा मागायची की घ्यायची?

न्यू जर्सीतल्या सगळ्या शाळा १८ मार्च २०२० पासून बंद झाल्या. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यावर सही झाली: 'फॅमिलीज फर्स्ट कोरोनाव्हायरस रिस्पॉन्स अ‍ॅक्ट'. मला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. सहा वर्षांच्या लेकीला कुठे ठेवायचं, एवढंच डोक्यात होतं. पुण्याहून आई येणार होती, तर विमानंच बंद झाली.

मी ऐंशीएक माणसांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. ते काम घरी आणता येत नाही. नवरा गोदामात, त्याचंही तेच. त्यात मी एच-वन-बी व्हिसावर. नोकरी गेली तर फार तर ६० दिवस. तेवढ्यात दुसरी मिळवायची, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं.

अमेरिकेत १९९३ चा एक कायदा आहे. बाळंतपण, गंभीर आजारपण अशा कारणांसाठी तो १२ आठवडे बिनपगारी रजा देतो. बंद शाळा त्यात बसत नाही. नव्या कायद्याने ती बसवली. १ एप्रिलपासून १२ आठवडे रजा, दोन तृतीयांश पगार, दिवसाला जास्तीत जास्त २०० डॉलर. तो पैसा मालकाला करातून परत मिळणार होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, परत आल्यावर तीच किंवा त्याच तोडीची जागा.

नवऱ्याच्या कंपनीत हजारो कामगार. पाचशे किंवा जास्त माणसांच्या खासगी कंपन्यांना हा कायदा लागूच नव्हता. त्यामुळे रजा कुणी घ्यायची, यावर आमच्या घरात चर्चाच झाली नाही. त्याच्या पाळीतली एक बाई, दोन मुलांची आई, एप्रिलमध्ये कामावर यायची थांबली. तिची जागा आठवड्याभरात भरली.

मी अर्ज दिला. मॅनेजरने तारखा विचारल्या, बाकी काही नाही. मला ते विचित्रच वाटलं. रजा मागताना आवाज खाली न्यायचा, आधी तब्येतीची चौकशी करायची, शेवटी 'मॅनेज करते मी' म्हणायचं, ही माझी पुण्यातल्या पहिल्या नोकरीपासूनची सवय. तिथे खासगी कंपनीत असलेली माझी वहिनी त्या वर्षी हेच करत होती. आपल्याकडे २०१७ पासून बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण साथीत शाळा बंद पडली तर खासगी नोकरीतल्या आईला किंवा बापाला अशी हमी नाही. साहेब चांगला असला तर निभावतं. तिचा होता. दर सोमवारी तो चांगलाच आहे ना, हे तिला बघावं लागायचं.

पैसे कमी आले, ते आम्ही काटकसरीने भागवलं. नोकरीची हमी नसती तर मात्र त्या रजेला मी हात लावला नसता. परतीची वाट नसेल तर रजा म्हणजे हप्त्याहप्त्याने दिलेला राजीनामा.

२४ जूनला मी कामावर रुजू झाले. तेच टेबल, तेच काम.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली ती लॅपटॉपवर. माझे १२ आठवडे संपले होते, आणि ३१ डिसेंबरला ती सक्तीही संपली. नवऱ्याने रात्रपाळी घेतली. मला सकाळी दोन तास उशिरा यायची परवानगी हवी होती. मॅनेजरच्या दारावर टकटक केली आणि आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.