कार्डावरचा एक रकाना

पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात माझा गर्भ पडला. तालुक्याच्या एका दवाखान्यात पिशवी साफ करून दुसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. केसपेपरवर माझा गट लिहिलेला होता. त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, आईने डिंकाचे लाडू पाठवले. ७२ तासांच्या आत घ्यायचं अँटी-डी इंजेक्शन तेवढं राहून गेलं.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी करायला लावली. ती पॉझिटिव्ह आली. त्यांनी समजावलं, "मागच्या वेळी गर्भ पडला तेव्हा बाळाचं पॉझिटिव्ह रक्त तुमच्या रक्तात मिसळलं. शरीराने ते परकं मानलं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. तीच आता वारेतून या बाळापर्यंत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात."

"मग तेव्हा राहिलेलं ते इंजेक्शन आता द्या ना."

"प्रतिपिंडं एकदा तयार झाली की त्याचा उपयोग नसतो, ताई."

छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. संध्याकाळपर्यंत ती हळदीसारखी पिवळी पडली. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, तरी कावीळ चढतच गेली. ती मेंदूत उतरली तर मूल दगावतं किंवा जन्मभर अधू राहतं. शेवटी रक्त बदलायचं ठरलं. नवरा ओ निगेटिव्ह रक्तासाठी एका रक्तपेढीतून दुसरीत धावला. बेंबीतून नळी घालून सिरिंजभर रक्त काढायचं, तेवढंच नवं सोडायचं, असं दोन तास चाललं. मी काचेबाहेर उभी होते. मुलगी वाचली. आज ती नववीत आहे.

पुढे मी आशा कार्यकर्ती झाले. गरोदर बाईच्या घरी गेले की आधी तिच्या कार्डावर रक्तगटाचा रकाना बघते.

२०२५ साली ऑस्ट्रेलियाचे रक्तदाते जेम्स हॅरिसन गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल पेपरात वाचलं. त्यांच्या रक्तात हीच प्रतिपिंडं होती. इंजेक्शनासाठी ती उपयोगी पडावीत म्हणून वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत त्यांनी १,१७३ वेळा दान केलं. माझ्या लेकीच्या पेशी ज्यांनी फोडल्या, तीच प्रतिपिंडं वेळेवर बाहेरून मिळाली तर आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी तिच्या शरीराच्या लक्षात येण्याआधीच निकालात काढतात. मग पुढचं बाळ सुखरूप राहतं. वाचताना माझे डोळे भरून आले.

हे इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. तरी जगात ज्यांना ते लागतं, त्यातल्या सुमारे निम्म्या बायकांना ते मिळत नाही, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणी निगेटिव्ह असतात. म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात अशी कुणीतरी आहेच.

घरातल्या लेकीसुनेचा गट निगेटिव्ह असेल, तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या इंजेक्शनाबद्दल विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत ते पुन्हा घ्यायचं असतं. आणि गर्भ पडला, पाडावा लागला, तरीसुद्धा विचारा. मला ते विचारायचं माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.